मर्जीचा कारभार : कामाच्या ठिकाणचा पक्षपात आणि त्याचा मुकाबला

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याचे दार दलित कामगारांना कित्येक दशके बंद होते. ही बंदी कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती. तसा मालकाचा हुकूम नव्हता, सरकारचा तर नव्हताच. तरीही कोकणातून किंवा घाटावरून आलेला दलित तरुण गिरणीत शिरला की त्याची वाट ठरलेली असे : सूतकताईचे रिंग खाते, नाहीतर झाडलोट आणि ओझ्याची कामे. साच्यावर, म्हणजे मागावर, त्याला कोणी उभे करत नसे. विणकराची मजुरी कातणाऱ्याहून जास्त होती आणि कसबी कामगार म्हणून गिरणगावात त्याला मानही होता. पैसा आणि मान जिथे एकत्र होते, नेमका तिथेच मज्जाव होता.

कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचे टोक श्वासासरशी बाहेर ओढी. पाळीभर हे पुन्हा पुन्हा करावे लागे, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे. दलिताने तोंड लावलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. वरवर पाहता हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न वाटतो. पण तोंडाने सूत ओढण्याची ही चाल मुळात मुंबईची नव्हती. लँकशायरच्या यंत्रांबरोबर ती इथे आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने रोगप्रसाराच्या भीतीने १९११ साली कायदा करून ती बंद केली होती. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे निघाले होते. म्हणजे १९२०च्या दशकात मुंबईत ज्या अडचणीपुढे सगळे हात टेकत होते, ती यंत्राच्या एका लहानशा भागाची अडचण होती. तो भाग बदलावा असे ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांना वाटले नाही, आणि ज्यांना वाटत होते ते त्या खात्यात पाऊलही टाकू शकत नव्हते.

कामाच्या ठिकाणचा पक्षपात समजून घेण्यासाठी हे उदाहरण फार मोलाचे आहे, कारण त्यात एकही खलनायक सापडत नाही. मालक म्हणे, कामगारच ऐकत नाहीत. कामगार म्हणे, ही पूर्वापार चाल आहे. मुकादम म्हणे, मला खाते चालवायचे आहे. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे, आणि अन्याय मात्र रोज सकाळी भोंग्याबरोबर सुरू होई. माणसांच्या मनातला पूर्वग्रह ही एक गोष्ट. तो ज्या व्यवस्थेच्या आधाराने टिकतो ती दुसरी. मन बदलायला पिढ्या लागतात. व्यवस्था त्या मानाने लवकर बदलता येते, आणि आजवर जे काही बदलले ते बहुधा त्याच बाजूने बदलले आहे.

गिरणीत या व्यवस्थेचे नाव होते जॉबर, म्हणजेच मुकादम. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून पुढे सुमारे पाऊण शतक कामगार भरतीचा सगळा कारभार मुकादमाच्या हाती राहिला. माणूस घ्यायचा त्याने, काढायचा त्याने, रजा द्यायची त्याने. नोकरी लावण्याची दस्तुरी तो घेई, अडीअडचणीला व्याजाने पैसे देई आणि खोलीची सोयही बघे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी बदली कामगारांचा, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल या आशेने आलेल्यांचा, घोळका उभा असे आणि त्यातून कोणाला आत घ्यायचे हे मुकादम ठरवी. साहजिकच तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस उचली. खात्यांची जातवार वाटणी कोणी आखली नव्हती. हजारो सकाळी घेतलेल्या अशा तोंडी निर्णयांचा तो एकत्रित परिणाम होता.

मुकादमाच्या अधिकाराचा खरा दोष तो मोठा असण्यात नव्हता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, आणि त्याचा जाब कोणी विचारत नव्हते, हा खरा दोष होता. कामावर घेण्याचे निकष नाहीत, नाकारल्याची नोंद नाही, वर दाद मागण्याची सोय नाही. असा मर्जीचा कारभार जिथे असतो तिथे पूर्वग्रहाला वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही. आणि हा कारभार फक्त जातीचाच बळी घेत नाही. ज्याच्याकडे दस्तुरीला पैसे नाहीत तो, जो मुकादमाचे कर्ज वेळेवर फेडू शकत नाही तो, जी बाई नायकिणीच्या घरचे काम करायला नकार देते ती, असे सगळेच त्यात सापडतात. विस्कटलेल्या कारभाराची झळ सर्वांना लागते. ज्यांच्यामागे गोतावळ्याचे बळ नसते ते आधी होरपळतात.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. दलित कामगारही उपाशी राहून त्यात सामील होते. मागण्यांच्या यादीत मजुरी होती, कामाचे तास होते, जादा साच्यांचा बोजा होता. विणकाम खात्याच्या बंद दाराचा उल्लेख नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि मागण्यांत तो घालण्याचा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी तो घातला, पण मनापासून नव्हे. मालकांनीही संधी साधली : ही बंदी आमची नाहीच, तुमच्याच कामगारांची आहे, असा त्यांचा पवित्रा होता.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण कामगार चळवळीच्या इतिहासातली ही सर्वांत अवघड जागा आहे. लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, पुढारी जातीयवादी होते असे म्हणता येत नाही. त्यांची भीती वेगळी होती. विणकर हा संपाचा कणा होता; त्याला दुखावले तर एकजूट फुटेल असे त्यांना वाटत होते. एकजुटीसाठी आज गप्प बसा, लढाई जिंकल्यावर तुमचे पाहू, हा सल्ला त्यातूनच आला. डॉ. आंबेडकरांना तो मान्य नव्हता. ज्या एकजुटीत एका गटाने आपला अपमान गिळून दुसऱ्याच्या मजुरीसाठी लढायचे असते, ती एकजूट पहिल्याच ताणाला फाटते, आणि झालेही तसेच. १९२९च्या पुढच्या संपात डॉ. आंबेडकरांनी दलित कामगारांना कामावर परतण्याचा सल्ला दिला. त्यांच्यावर संपफोडेपणाचा आरोप झाला. पण एकजूट आधी कोणी मोडली हा प्रश्न त्या आरोपातून वगळला जातो. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा मोठा संप केला. बरोबरीच्या नात्याने बोलावले तर दलित कामगार आघाडीवर येतो, हे त्या दिवशी मुंबईने पाहिले.

मालकांच्या अलिप्ततेचाही हिशेब मांडला पाहिजे. बंदी आमची नाही असे म्हणणाऱ्याच्या पदरात तिचा फायदा पडतच होता. चांगल्या मजुरीची वाट बंद झालेला कामगार कमी मजुरीवर टिकून राही, आणि जातीजातींत विभागलेली खाती एकत्र येणे कठीण होई. पक्षपात करणारा आणि पक्षपातातून मिळवणारा हे दर वेळी एकच नसतात. तक्रार ऐकणाऱ्याने या दोघांचाही शोध घ्यायला हवा.

रेल्वेत हाच प्रकार दुसऱ्या रूपात होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे गाजलेले प्रतिपादन याच परिषदेतले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या नोकऱ्यांचे जे बारीक वर्णन केले ते कमी लोकांच्या लक्षात राहिले आहे. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करायची असा रिवाज, आणि स्टेशनमास्तर सवर्ण असल्याने त्याला घरात दलित माणूस चालत नाही. रेल्वेच्या कारखान्यात तो खलाशी, म्हणजे मदतनीसच राहतो, मेकॅनिक होत नाही. पोर्टरच्या कामात साहेबाच्या घरचे पाणी भरणे येत नव्हते. पण न लिहिलेले ते काम लिहिलेल्या कामावर भारी पडले आणि एका समाजाची बढतीची शिडी खालच्या पायरीवरच तुटली. आजही एखाद्या कार्यालयात कोणाला वर नेले जाते आणि कोणाला नाही याचा शोध घेताना, कामाच्या यादीबाहेर काय काय मागितले जाते हे आधी पाहावे लागते.

शिक्षणाने हे सगळे आपोआप सुटत नाही, याचा पुरावा खुद्द डॉ. आंबेडकरांच्या नोकरीतच आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनच्या अभ्यासक्रमाला सुरुवात करून ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत, पिण्याचे पाणी मिळत नसे, आणि गावात राहायला जागा मिळेना. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. पद, पदवी, पगार सगळे असूनही पाण्याचे भांडे आडवे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव स्वतः उदार होते, हे इथे महत्त्वाचे आहे. वरचा माणूस भला असणे पुरत नाही. त्याचा भलेपणा खालच्या टेबलापर्यंत पोचवणारी यंत्रणा लागते.

ती यंत्रणा कशी असावी याचा एक जुना आणि उत्तम नमुना कोल्हापुरात आहे. १८९४ साली राजर्षी शाहू छत्रपतींच्या हाती कारभार आला तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हा आकडा काढणे हेच पहिले काम होते. पक्षपात एकेका प्रसंगात पाहिला तर नेहमी काहीतरी सबब सापडते : तो उमेदवार कमी पडला, त्या दिवशी जागाच नव्हती. एकत्र मोजणी केली की सबबी गळून पडतात. २६ जुलै १९०२ रोजी करवीर (कोल्हापूर) दरबारने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा हुकूम काढला. त्या हुकमाचा पहिला भाग सर्वांना ठाऊक असतो. पण आपल्या खात्यात किती नेमणुका कोणाच्या झाल्या याचे पत्रक खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवावे, हेही त्यात होते. हे तिमाही पत्रक म्हणजे त्या हुकमाचा प्राण होता. त्याच्याविना खातेप्रमुखांच्या मर्जीत हुकूम कधीच विरून गेला असता.

गिरण्यांत मर्जीला लगाम घालण्याचे काम १९३०च्या दशकात सुरू झाले. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१च्या अहवालात मुकादमाच्या भरतीच्या अधिकारावर कठोर टीका केली आणि भरतीसाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमावेत असे सुचवले. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांसाठी कार्डांची पद्धत सुरू केली : महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. १९४६ साली औद्योगिक आस्थापनांतल्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. रजा, शिक्षा, बडतर्फी यांचे नियम लिहून कामगारांना दिसतील असे लावणे मोठ्या कारखान्यांना बंधनकारक झाले. या सुधारणांनी जात संपवली नाही. कार्ड कोणाला द्यायचे यात मुकादमाचा हात बराच काळ राहिलाच. तरीही ज्यावर बोट ठेवता येते असा एक कागद प्रथमच कामगाराच्या बाजूला आला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ने सरकारी नोकरीत समान संधी दिली, तर अनुच्छेद १७ने अस्पृश्यता सर्वत्र नष्ट केली, म्हणजे खासगी ठिकाणीही. १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही नोकरीत आडकाठी करणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरला. महाराष्ट्राने त्याआधी एक वेगळे पाऊल टाकले होते. १९६८ साली राज्य सरकारने अनुचित कामगार प्रथांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कामातून १९७१चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा अधिनियम आला. त्याची चौथी अनुसूची म्हणजे बिघडलेल्या कार्यालयाचे शब्दचित्रच आहे : सूडबुद्धीने कामावरून काढणे, व्यवस्थापनाच्या धोरणाचे निमित्त करून कुहेतूने बदली करणे, गुणवत्ता बाजूला ठेवून एका गटावर मेहेरनजर करणे, माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणे. ज्या गोष्टी आतापर्यंत ‘साहेबाचा स्वभाव’ म्हणून सोसल्या जात होत्या, त्या कायद्यात नावानिशी नोंदल्या गेल्या. नाव मिळाल्यावर तक्रार मांडणे शक्य झाले.

स्त्रियांच्या लढ्यात मर्जी अनेकदा नियमाचाच वेष घेऊन समोर आली. परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना बढती नाकारण्यात आली. त्या सेवेच्या नियमांनुसार स्त्रीने लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यायची होती, आणि विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असताना सरकारने त्यांना बढती देऊन टाकली आणि आता तक्रारच उरली नाही असे सांगितले. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९च्या निकालात नियमांतल्या या विषमतेवर कोरडे ओढले आणि सर्व सेवानियम नव्याने तपासायला सांगितले. तक्रारदाराचे तोंड एका फायद्याने बंद करून नियम वाचवायचा, ही युक्ती आजही सर्रास चालते. म्हणून तडजोड करताना आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी काय बदलते हे विचारावे लागते. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी वेतन होते. त्या वेगळ्या वर्गातल्या, ‘गोपनीय’ कामाच्या म्हणून, असे कंपनी म्हणे. शिवाय संघटनेशी झालेल्या कराराकडेही तिने बोट दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हे दोन्ही मुद्दे फेटाळले, आणि पैसे नाहीत ही सबबही. सहकाऱ्यांच्या संघटनेने सही केली म्हणून विषमता न्याय्य ठरत नाही, हे गिरणगावातल्या १९२८च्या प्रश्नाला साठ वर्षांनी मिळालेले उत्तर म्हणता येईल.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आणि त्यावर आधारलेला २०१३चा कायदा यांनी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कार्यालयातच जागा तयार केली. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री हवी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. या चार अटींपैकी शेवटची सर्वांत शहाणपणाची आहे. ज्याची बढती, बदली आणि पगार त्या कार्यालयातल्या साहेबाच्या हाती नाही असा एक तरी माणूस चौकशीला बसलेला असतो. जात, धर्म, भाषा, अपंगत्व यांवरून होणाऱ्या छळासाठी खासगी क्षेत्रात अशी समिती कायद्याने सर्वत्र अनिवार्य नाही. ही उणीव फार मोठी आहे आणि ती भरून काढायला हवी.

सोसणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात काय असते? पहिले काम कागदाचे. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, कोणते शब्द वापरले, हे त्याच दिवशी लिहून ठेवलेले टिपण पुढे साक्षीच्या तोलाचे ठरू शकते. महिन्यांनंतर आठवून लिहिलेले तितके टिकत नाही. तोंडी हुकूम मिळाला तर ‘आपण असे सांगितले, त्याप्रमाणे करत आहे’ असे दोन ओळींचे पत्र पाठवून तो लेखी करून घेता येतो. अर्जाची पोच घ्यावी, पोच दिली नाही तर टपालाने पाठवावा. दुसरे काम तुलनेचे. माझ्यावर अन्याय झाला हे वाक्य कमकुवत असते. त्याच पदावर तेवढ्याच सेवेच्या अमुक माणसाला जे मिळाले ते मला नाकारले, हे वाक्य बळकट असते. सरकारी नोकरीत गोपनीय अहवाल हे मर्जीचे मोठे हत्यार होते. त्यातला प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवले. न कळवलेल्या शेऱ्यावरून बढती हुकली असेल तर तिथे दाद मागायला भक्कम पाया आहे.

मुदतीकडे दुर्लक्ष झाल्याने चांगल्या तक्रारी बुडतात. १९७१च्या अधिनियमाखाली ९० दिवसांची मुदत घातली गेली. २०१३च्या कायद्याखाली घटनेपासून तीन महिने आहेत, आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन. ‘जरा पाहू, साहेब बदलतील’ म्हणत थांबणाऱ्याच्या हातून ही मुदत निसटते.

आणि तिसरे काम माणसांचे. एकट्याने तक्रार केली की तो ‘भांडकुदळ’ ठरतो. मग त्याला काम दिले जात नाही, बैठकीचे निरोप येत नाहीत, डबा खाताना शेजारची खुर्ची रिकामी राहते. हा बहिष्कार कायद्याच्या पकडीत सहज येत नाही, आणि धडधाकट माणसाला तो काही महिन्यांत खचवतो. दोघातिघांनी मिळून सही केलेला अर्ज म्हणूनच एकाच्या दहा अर्जांपेक्षा जड असतो. ज्याच्यावर अन्याय झालेला नाही त्याची सही त्यावर असेल तर त्याचे वजन आणखी वाढते. कधीकधी नोकरी सोडणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. तब्येत, घर आणि उमेद सांभाळून बाहेर पडणाऱ्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मर्जीचा कारभार आज कंत्राटाच्या रूपाने परतला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांत बहुसंख्य दलित आहेत. तेच काम, तोच कचरा, पण कायम कामगारापेक्षा कितीतरी कमी वेतन, आणि कागदोपत्री मालक मात्र सतत बदलणारा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांची बाजू औद्योगिक न्यायाधिकरणापुढे लढवली. न्यायाधिकरणाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही अनेकांची नेमणूक अडली. यादीतले नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक होता, आणि तेवढ्यावरून माणूस तोच का, असा प्रश्न पालिकेने उभा केला. वर्षानुवर्षे ज्यांची हजेरी कोणी नीट लिहिलीच नव्हती, त्यांच्यावरच आता आपले नाव सिद्ध करण्याची पाळी आली, आणि संघाला एकेका कामगाराची कागदपत्रे घेऊन पुन्हा पालिकेच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.